अध्यक्षस्थानी बुबू अकेनेता

चौतीस वर्षं अकेनेताने सुवा या राजधानीच्या शहरातल्या एका कार्यालयात बैठकांचं इतिवृत्त लिहिलं. बेटाबेटांचे मंत्री, सचिव, मासेमारीचे अधिकारी, समुद्राच्या तळाचे जाणकार, सगळे तिच्या डोळ्यांसमोरून गेले. पण तिचा आवाज कसा आहे हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. भिंतीलगतच्या छोट्या टेबलाशी ती बसायची, मान खाली, पेन्सिल चालू.

कंदावू बेटावरून ती एकोणिसाव्या वर्षी बोटीने सुवाला आली ती टायपिंग शिकायला. पहिली नोकरी लागली आणि पहिल्याच बैठकीत एक मंत्री खवळून म्हणाले, "हा करार म्हणजे तीन दिवसांचा कुजका मासा आहे!" अकेनेताने ते जसंच्या तसं टाइप केलं. तिची वरिष्ठ, मिस फातियाकी नावाची रोटुमा बेटावरची करडी बाई, तिने तो कागद दोन बोटांत धरून उचलला.

"पोरी, माणसं काय बोलली ते लिहायचं नसतं. काय ठरलं ते लिहायचं."

"आणि काहीच ठरलं नाही तर?"

"तर 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहायचं."

हे तिने मनावर घेतलं. इतकं, की कार्यालयाची भाषा घरातही शिरली. तिचा नवरा अपिसाई बस चालवायचा. रविवारी दोस्तांना बोलावू का, असं त्याने विचारलं की ती म्हणायची, "सूचनेची नोंद घेतली." लग्नाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत अपिसाईला उमगलं होतं, की 'नोंद घेतली' म्हणजे नाही, 'विचार करू' म्हणजेही नाहीच, आणि 'स्वागत आहे' असं ऐकू आलं तरच दोस्तांना निरोप धाडायचा.

निवृत्त झाल्यावर ती रायवंगातल्या घरी बसली. अंगणात दालो, म्हणजे अळूचा कंद, लावला, चर्चच्या बायकांबरोबर चटया विणल्या. दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी डिसेंबर संपता संपता, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, सुरुजवती टीचर फाटकातून आत आली. सुरुजवती शाळेत इतिहास शिकवायची आणि पलीकडच्या गल्लीत राहायची. वीस वर्षं दोघी एकाच बसने कामाला गेल्या होत्या, त्यामुळे दोघींमध्ये झाकपाक अशी काही उरली नव्हती.

"दीदी, जानेवारीत तुला काम आहे का?"

"दालो उपटायचाय."

"अपिसाईभाई उपटतील. मी उन्हाळी शाळा काढलीय. बावीस पोरं, पंधरा ते अठरा वर्षांची, सगळ्या बेटांवरची. राजकारण आणि आंतरराष्ट्रीय संबंध. तीन आठवडे."

"सुट्टीत पोरांना हे?"

"स्वतःहून अर्ज केलेत त्यांनी! शेवटचे तीन दिवस खोटी परिषद आहे, मासेमारीवर. तू फक्त ये, बस आणि लिही. तुला बघून पोरांना वाटलं पाहिजे की हे खरं आहे."

"म्हणजे मी शोभेची."

"हो," सुरुजवती म्हणाली.

अकेनेता गेली. टेकडीवरच्या एका वसतिगृहाचा हॉल सुरुजवतीने सुट्टीपुरता मागून घेतला होता. खाली लौथालाचा उपसागर, वर पत्र्याचं छप्पर आणि हॉलच्या चारी बाजूंनी झडपांच्या खिडक्या. पोरं सकाळी तह, सागरी हद्दी, मोठे देश लहान देशांना धक्के का बांधून देतात, असलं सगळं शिकायची आणि संध्याकाळी चिखलात व्हॉलीबॉल खेळायची. पहिल्या दिवसापासून ती तिला 'बुबू' म्हणायला लागली, म्हणजे आजी. टोंगाच्या पोरांना आणि किरिबासच्या पोरींना हा शब्द नवा होता, पण दोन दिवसांत तो सगळ्यांचा झाला.

परिषदेच्या सकाळी आभाळ फाटलं होतं. अध्यक्ष म्हणून एक प्राध्यापक लौतोकाहून यायचे होते; सिंगातोकाच्या अलीकडे रस्ता पाण्याखाली गेला आणि ते तिथेच अडकले. सुरुजवतीने फोन ठेवला आणि अकेनेताकडे पाहिलं.

"नाही," अकेनेता म्हणाली.

"मी अजून काही बोललेच नाही."

"मी इतिवृत्त लिहिते."

"ते मी लिहीन. अध्यक्षाला मधेमधे गप्प बसावं लागतं, ते मला जमत नाही हे तुला माहीत आहे. चल, ऊठ."

सभेत आपटायचा हातोडा प्राध्यापकांच्या गाडीत होता. स्वयंपाकघरातून लाकडी डाव आणला आणि अकेनेताला मधल्या खुर्चीवर बसवलं. बावीस चेहरे तिच्याकडे बघत होते.  चौतीस वर्षं तिने अध्यक्षांची पहिली वाक्यं टिपली होती, पण त्या घटकेला तिला एकच भाषा आठवली. तिने डाव आपटला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अध्यक्षांनी सर्व प्रतिनिधींचे स्वागत केले."

 मग टोंगाचा लिसिआते, सहा फुटी आणि भाषणांत पटाईत, हळूच म्हणाला, "बुबू, अध्यक्ष तुम्हीच आहात."

"मग केलं ना स्वागत! पुढचा विषय."

पोरं खिदळली. अकेनेताही हसली.

कुठल्याही खऱ्या सरकारचं नाक दुखावू नये म्हणून सुरुजवतीने देश खोटे ठेवले होते. चार छोटी बेटं आणि एक बलाढ्य मासेमारी देश, त्याचं नाव 'दूरदेश'. कोण कुठला, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. चार बेटांचा म्होरक्या झाला लिसिआते. दूरदेशाची चिठ्ठी आली तियारेती नावाच्या मुलीला. ती किरिबासच्या एका प्रवाळबेटावरची, सोळा वर्षांची. दोन आठवडे तिने 'हो', 'नाही' आणि 'दालो वाढा' यापलीकडे फारसं काही बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. दूरदेशाच्या गटात आणखी दोन मुलगे होते, ते तिच्या मागे निवांत बसले.

लिसिआतेने सुरुवात दणक्यात केली. समुद्र आमची आई, समुद्र आमचा बाप, आमच्या पूर्वजांनी ताऱ्यांवरून वाट काढली. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर तियारेती उभी राहिली.

"माननीय प्रतिनिधींच्या आईवडिलांबद्दल दूरदेशाला अतिशय आदर आहे," ती म्हणाली. "वर्षाकाठी किती दिवस मासेमारी करू देणार, तेवढं आकड्यात सांगावं."

हॉल हसून लोळला. लिसिआतेचे कान लाल झाले. त्याच्याकडे आकडा नव्हता.

तिच्याकडे सगळे आकडे होते. तिचे वडील आठ वर्षं परक्या बोटींवर निरीक्षक होते. किती मासा चढला ते मोजायचं आणि लिहायचं, हे त्यांचं काम. ते घरी आले की जेवताना बोटीच्याच गोष्टी. कंपनीचे लोक कोणाला कसं पटवतात, काय लपवतात, हे पोरीने भाताबरोबर गिळलं होतं. चहाच्या सुट्टीत तिने बाबाकाऊंची, म्हणजे तळलेल्या गरम पावांची, बशी उचलली आणि एकेका बेटाच्या टेबलाशी गेली. पहिल्याला धक्का बांधून देऊ म्हणाली, दुसऱ्याला बर्फाचा कारखाना, तिसऱ्याला शिष्यवृत्त्या. सभा पुन्हा भरली तेव्हा चारांतली तीन बेटं फुटली होती आणि लिसिआते एकटा पडला होता.

त्याला ते सोसलं नाही. "लाज वाटत नाही तुला?" तो उभा राहून ओरडला. "आमच्यातलीच तू! पण बरोबर आहे, तुझा बाप त्यांच्याच बोटीवर त्यांचाच भात खातो. तू त्यांचीच भाषा बोलणार!"

तियारेतीने समोरचा कागदी झेंडा नीट आडवा ठेवला आणि ती हॉलमधून बाहेर पडली.

अकेनेताने डाव आपटला. "सभा चहासाठी तहकूब."

"बुबू, चहा तर आत्ता झाला."

"परत प्या!"

तियारेती पाण्याच्या टाकीजवळ पायरीवर बसली होती. अकेनेता गुडघे सांभाळत तिच्या शेजारी टेकली. 

"मला चिठ्ठीच ती आली," तियारेती म्हणाली. "मी काय करू? वाईट खेळू?"

"नाही. तू फार छान केलंस. मी हे असंच होताना पाहिलंय. फक्त तू बाबाकाऊ फिरवलेस, ते लोक हॉटेलात जेवण द्यायचे."

तियारेतीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "पप्पा त्यांचा भात खात नाहीत, बुबू. मासा जास्त चढला म्हणून त्यांनी लिहिलं, की दोन-दोन आठवडे बोटीवर कुणी त्यांच्याशी बोलत नाही. एकदा तर त्यांची गादी भिजवून ठेवली होती. लिसिआतेला काय माहीत?"

"काहीच नाही. सांगितलंस का त्याला?"

"मी उद्या येत नाही."

 अशा वेळी माणसं काय बोलतात हे तिने आयुष्यभर ऐकलं होतं, पण त्यातलं काहीच या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं.

"मग ती बेटं काय करायची?" तियारेतीने विचारलं. "खऱ्या बैठकीत?"

"बहुतेक वेळा हो म्हणायची."

"कुणीच नाही म्हणालं नाही?"

अकेनेताला एक माणूस आठवला. "एकजण म्हणाला होता. उद्या ये, मग सांगते."

संध्याकाळी घरी आल्याबरोबर तिने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. शॉर्टहँडच्या जुन्या वह्या. टाइप झाल्यावर कार्यालयाला त्यांचं काही काम नसायचं. तिला मात्र त्या टाकवल्या नव्हत्या. अपिसाई यांगोनाचा, म्हणजे तिकडच्या मुळांच्या पेयाचा, वाडगा घेऊन व्हरांड्यात बसला होता. त्याने एक वही उघडली.

"कोंबडी चालून गेली वाटतं यावरून."

"तुला वाचायला नाहीच लिहिलेलं."

"मग कुणाला?"

 सातव्या वहीत तिला हवं ते सापडलं. सगळ्यांना खुली असलेली एक बैठक. एका इवल्याशा बेटाचा म्हातारा प्रतिनिधी, पायात चपला, वीस मिनिटं बोललेला. तिने ते अपिसाईला वाचून दाखवलं. तो वाडगा हातात तसाच धरून ऐकत राहिला.

"बरा बोलला गं हा माणूस. मग काय झालं?"

"काही नाही. इतिवृत्तात मी चार शब्द लिहिले. 'प्रतिनिधींनी आपले मत मांडले.'"

"आणि हे सगळं?"

"हे इथे, पलंगाखाली."

अपिसाईने वाडगा खाली ठेवला. "उद्या मीच तुला सोडतो. बसमध्ये पाणी गळतं, वही भिजेल." त्याने शेजाऱ्याची गाडी मागून आणली आणि सबंध वाटभर, बस चालवल्यासारखी, मधोमध चालवली.

तियारेती आली होती. मागच्या रांगेत, दप्तर मांडीवर, केव्हाही उठून जाईल अशी. अकेनेता उभी राहिली. चष्मा लावला. प्रतिनिधीचं नाव सांगणार नाही, असं आधीच बजावलं आणि वाचायला लागली.

"'माझ्या बेटावर दोन विहिरी आहेत, त्यातली एकच गोड्या पाण्याची. मी भाषणं करायला शिकलेलो नाही. मासेमारीची बोट येते तेव्हा तिचा माणूस आधी माझ्याकडे येतो. म्हणतो, तुझा शेजारी कबूल झालाय. मग शेजाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, मी कबूल झालोय. त्याला वेळच वेळ आहे. आम्ही आठ बेटांचे आठजण एका झोपडीत आहोत असं समजा. वाऱ्यापावसात कुणी एकाने दार उघडलं की आठहीजण भिजतात, ज्याने उघडलं तो आधी. म्हणून यापुढे मला एकट्याला जेवायला बोलावू नका. बोलवायचं तर आठांना बोलवा. नाहीतर तुम्हीच माझ्याकडे या. मी मासा भाजीन. भांडी तुम्ही घासायची.'"

पुढेही बरंच होतं, तेही तिने वाचलं. म्हाताऱ्याने आपल्या भावाला बोटीवर कामाला पाठवलं होतं आणि तो परत आला तेव्हा घरच्यांशी हळू आवाजात बोलायला विसरला होता, असंही त्यात होतं. 

"मग त्यांनी काय केलं?" सामोआची एक मुलगी म्हणाली.

"टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. जेवणाची वेळ झाली होती. मीही तेव्हा भूक लागली म्हणून घड्याळाकडेच बघत होते." अकेनेताने वही मिटली. "आता परिषद सुरू."

लिसिआते उभा राहिला. रात्रभर त्याला कुणी काहीबाही सांगितलं होतं की त्याचं त्यालाच लागलं होतं, कोण जाणे. मान खाली होती आणि एवढा मोठा देह कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.

"अध्यक्ष महाराज… म्हणजे बुबू. काल मी दूरदेशाच्या प्रतिनिधींच्या वडिलांबद्दल जे बोललो, ते इतिवृत्तातून काढून टाकावं."

"काढता येत नाही," अकेनेता म्हणाली. "माफी मागितली असं लिहिता येईल. मागितली तर."

"मागतो." मग मागच्या रांगेकडे वळून, "मागतो माफी. खरंच."

तियारेती दप्तर ठेवून पुढे आली, आपल्या खुर्चीवर बसली आणि आडवा झेंडा उभा केला. "दूरदेश माफीची नोंद घेतो."

इतक्या दिवसांत पोरांनाही बुबूच्या या शब्दांचे अर्थ पाठ झाले होते. "नुसती नोंद?" लिसिआते कळवळून म्हणाला. "स्वागत नाही?"

"ते तुम्ही किती दिवस देता त्यावर आहे."

जो हशा पिकला त्यात लिसिआतेच सगळ्यांत मोठ्याने हसला.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत तियारेती पुन्हा बशी घेऊन निघाली. पण या वेळी चारही बेटं घोळक्याने तिच्याकडे आली, सगळे बाबाकाऊ संपवले आणि एकानेही कशालाही होकार दिला नाही. "हे बरोबर नाही," ती म्हणाली, पण तिचे डोळे चमकत होते. ती तसूभरही सोडायला तयार नव्हती. दुपारी जेवणात भातावर टिनमधला मासा आला, लिसिआतेने डबा उचलून लेबल वाचलं आणि म्हणाला, "बघा, आपल्याच समुद्रातला पाहुणा, परदेश फिरून आलाय." पोरांनी तो डबा पुरावा म्हणून टेबलावर मांडून ठेवला.

तिसऱ्या दिवशी मसुद्यात फक्त एक कलम उरलं. ते लिसिआतेने स्वतःच्या हाताने लिहून आणलं होतं. प्रत्येक बोटीवर निरीक्षक असेल. त्याला स्वतंत्र खोली असेल, आतून कडी लागेल अशी. आणि घरी बोलायला फोन असेल, ज्याची परवानगी कप्तानाकडे मागावी लागणार नाही. त्याने कागद तियारेतीसमोर ठेवला आणि तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

तियारेतीने ते कलम वाचलं. पुन्हा वाचलं. मागचा एक मुलगा पुढे वाकून कुजबुजला, "अगं, खर्च वाढेल. आपल्याला विरोध करायचाय."

"गप्प बस," ती म्हणाली आणि उभी राहिली. "दूरदेश या कलमाचं स्वागत करतो." आणि लगेच पुढे म्हणाली, "मात्र फोनचं बिल बेटांनी भरायचं."

"मंजूर!" चारही बेटं एकदम ओरडली. अकेनेताने डाव असा हाणला की त्याचा दांडा तुटून सुरुजवतीच्या पायाशी पडला.

नेमके त्याच वेळी लौतोकाचे प्राध्यापक दारात उभे राहिले, पॅंट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, हातात खरा हातोडा. "उशीर झाला," ते म्हणाले. "अध्यक्षाची खुर्ची कुठली?" बावीस बोटं अकेनेताकडे वळली. प्राध्यापक सज्जन होते. हातोडा तिला देऊन ते प्रेक्षकांत बसले आणि त्यांनी चार पेले चहा घेतला.

शनिवारी वसतिगृहाच्या अंगणात खड्डा खणून लोवो लावला. दालो, कसावा, कोंबड्या पानांत गुंडाळून तापल्या दगडांवर घातल्या. अपिसाई आदल्या दिवसापासून जणू तोच यजमान असल्यासारखा मिरवत होता. रविवारी पोरं विमानतळाच्या बसमध्ये चढली. तियारेती आणि लिसिआते शेजारी बसले होते आणि खिडकीची ताडपत्री वर ठेवायची की खाली, यावर बस वळणाआड जाईपर्यंत वाद घालत होते.

याला सहा वर्षं झाली. उन्हाळी शाळा दर जानेवारीत भरते आणि मधल्या खुर्चीवर अकेनेताच बसते. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सुरुजवतीने परिषदच आठवडाभर पुढे ढकलली. चर्चच्या सभेतही अकेनेता आता उठून बोलते. तिथल्या बायका सांगतात, की एकदा तिला बोलतं केल्यावर आवरायला फार वेळ लागतो.

तियारेती सुवातच कायदा शिकते. दर रविवारी ती रायवंगाला जेवायला येते, हातात काहीतरी घेऊन, बहुतेकदा अननस. शेजाऱ्याच्या ब्रेडफ्रूटच्या, म्हणजे विलायती फणसाच्या, झाडाच्या फांद्या अपिसाईच्या अंगणात येतात आणि ती फळं नेमकी कोणाची, यावर दोघं म्हातारे वर्षानुवर्षं भांडताहेत. गेल्या रविवारी तियारेतीने दोघांना व्हरांड्यात समोरासमोर बसवलं, वही उघडली आणि विचारलं, "आधी सांगा, वर्षाला किती फळं पडतात?" दोघांनाही आकडा ठाऊक नव्हता. आतून अकेनेताने जेवायला हाक मारली, तेव्हा तिघंही झाडाखाली उभे राहून, माना वर करून, मोजत होते.